ताप उतरला, पण दुखणे राहिले

आपल्याकडे दुखण्याविषयी बोलण्याची एक जुनी रीत आहे. ताप 'भरतो', ताप 'उतरतो', आणि माणूस दुखण्यातून 'उठतो'. पूर्वीच्या घरांतून या शेवटच्या शब्दाला मोठा अर्थ होता. विषमज्वराचा रोगी ताप उतरल्याबरोबर कामास लागत नसे. पेज, मऊ भात, दुपारची विश्रांती, उन्हात जाण्यास मनाई, असे पथ्य कित्येक आठवडे चाले, आणि मग एके दिवशी घरातले वडील माणूस म्हणे, "आता हा दुखण्यातून उठला बरे!" ताप उतरणे आणि दुखण्यातून उठणे यांत अंतर आहे, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते.

आज ज्या विकाराविषयी मी चार शब्द सांगणार आहे, तो याच अंतरातला आहे. करोनाचा ताप उतरला, तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, आणि तरीही माणूस महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, दुखण्यातून उठलाच नाही, अशी अवस्था जगभर फार मोठ्या संख्येने लोकांची झाली आहे. तिला लाँग कोविड, म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा कोविड, असे म्हणतात.

मी वैद्यकाची जाणकार नाही. शाळेत मराठी शिकवते. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, या दुखण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती आधी सांगते.

२०२२ च्या जानेवारीत करोनाची तिसरी लाट आली, तेव्हा आमच्या शाळेतील एका मुलीच्या घरी सगळ्यांनाच ताप आला. चार-पाच दिवसांत सगळे हिंडूफिरू लागले, मुलगीही. जूनमध्ये ती नववीत, माझ्या वर्गात आली. पाठांतरात पहिली, खो-खोच्या संघातली, बोलकी मुलगी. पण आता ती तास चालू असताना मान बाकावर टेकू लागली. आदल्या दिवशी पाठ केलेली कविता तिला दुसऱ्या दिवशी आठवेना. सकाळच्या प्रार्थनेला उभी असताना दोनदा मटकन खाली बसली. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवले, रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. सारे ठीक निघाले. तिची आई ते कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, हिला हल्ली काही झेपत नाही हो. काय झालंय तेच कळत नाही." मी कागद चाळले आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. शाळा फार दिवस बंद राहिली, मुलांना मोबाईलची आणि जागरणाची सवय लागली, कष्ट नकोसे झाले. दुसरे काय असणार? "लाड जरा कमी करा," असे मी त्या माउलीला सांगितले.

ऑगस्टमध्ये १५ तारखेच्या कवायतीची तयारी सुरू झाली. मुलीने सूट मागितली. मी दिली नाही. तिने कवायत केली, आणि चांगली केली. पहिल्या रांगेत ताठ उभी राहिली. मला मोठे समाधान वाटले. मनात आणले की जमते, हे माझे म्हणणे खरे ठरले, असे मी सहशिक्षकांना बोलूनही दाखवले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे तीन आठवडे ती अंथरुणावर होती. खिडकीतला उजेड तिला सोसत नव्हता, भांड्यांचा आवाज सोसत नव्हता, केस विंचरावयास हात वर जात नव्हते. मी तिला पाहावयास गेले. मला पाहताच ती उठून बसण्याची धडपड करू लागली आणि म्हणाली, "बाई, मी सोंग करत नव्हते."

श्रोतेहो, वीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी खजील कधी झाले नव्हते. त्यानंतर या दुखण्याविषयी मिळेल ते मी वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट या दुखण्याच्या नावाची. रोगांची नावे बहुधा डॉक्टर ठेवतात. हे नाव रोग्यांनी ठेवले. २०२० च्या वसंतात युरोपात पहिली लाट चालू असताना असे सांगितले जात होते की, सौम्य आजार असेल तर दोन आठवड्यांत माणूस बरा होतो. ज्यांना महिना-दीड महिना होऊनही बरे वाटत नव्हते, त्यांना वाटे की आपणच जगावेगळे. त्याच वर्षी मे महिन्यात एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी, ज्या स्वतः आजारी होत्या, समाजमाध्यमावर आपल्या अवस्थेला 'लाँग कोविड' हा शब्द वापरला, आणि तो हां हां म्हणता सर्वतोमुखी झाला. पुढे रोग्यांच्याच एका संशोधक मंडळाने ५६ देशांतील ३,७६२ रोग्यांना प्रश्नावली पाठवून त्यांची लक्षणे गोळा केली. २०२१ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा शरीराच्या दहा निरनिराळ्या संस्थांमधील २०३ लक्षणांची नोंद त्यात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराची व्याख्या केली. करोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी जी लक्षणे आढळतात, निदान दोन महिने टिकतात, आणि ज्यांचा दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा होत नाही, ती या विकाराची लक्षणे होत. मुलांसाठी अशीच वेगळी व्याख्या २०२३ मध्ये झाली. म्हणजे मुलांनाही हा विकार होतो, हे तोवर सर्वमान्य झाले होते. माझ्या वर्गातल्या मुलीला मात्र ते आधीच, २०२२ मध्ये, माझ्यापुढे सिद्ध करावे लागत होते.

किती लोकांना हा विकार होतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे करोना झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे सहा जणांना. हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु करोना जवळजवळ साऱ्या जगाला होऊन गेला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात २०२३ अखेरपर्यंतच्या अशा रोग्यांची जगातील संख्या सुमारे ४० कोटी धरली आहे. जे इस्पितळात प्राणवायूवर होते त्यांना धोका अधिक, हे खरे; पण घरीच चार दिवस पडून बरे झालेल्यांची संख्याच मुळी अफाट असल्यामुळे बहुसंख्य रोगी त्यांच्यातलेच आहेत.

आता या दुखण्याची ओळख. काहींना धाप लागते, काहींची छाती धडधडते, काहींना वास येत नाही किंवा विपरीत येतो, कोणाची झोप उडते, कोणाचे सांधे आणि स्नायू दुखतात. परंतु तीन लक्षणे अशी आहेत की, ती नीट समजली नाहीत तर घरचे आणि शाळेतले लोक रोग्यावर हमखास अन्याय करतात.

पहिले लक्षण, श्रमानंतरची पडझड. आपण थकतो, रात्री झोपतो, सकाळी ताजेतवाने होतो. या रोग्याचा थकवा त्या जातीचा नव्हे. तो झोपेने जात नाही. आणि झेपेल त्याहून अधिक श्रम झाले की, सारीच लक्षणे एकदम बळावतात. यातली फसवी बाब अशी की, ही पडझड त्याच वेळी होत नाही. बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही होते. कवायतीच्या मैदानावर मुलगी ताठ उभी होती, ती याच कारणाने. मी मैदान पाहिले. दुसऱ्या दिवशीचे अंथरूण पाहिले नाही. शिवाय श्रम म्हणजे केवळ अंगमेहनत नव्हे. दोन तास एकाग्रतेने केलेला अभ्यास, पाहुण्यांची वर्दळ, मनाला लागलेला एखादा शब्द, यांनीही हीच पडझड होऊ शकते.

दुसरे लक्षण, उभे राहणे न सोसणे. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढले जाते, आणि आपल्या नकळत काम करणारी मज्जासंस्था रक्तवाहिन्या आवळून ते वर पोचते ठेवते. ही व्यवस्था बिघडली की, हृदय धावाधाव करून ती उणीव भरून काढू पाहते. ही परीक्षा सोपी आहे. रोग्याला काही वेळ स्वस्थ निजवून नाडी मोजावी, मग दहा मिनिटे उभे करून मोजत राहावी. प्रौढ माणसात ठोके मिनिटाला तीस किंवा अधिक वाढले, किंवा बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत चाळीस किंवा अधिक वाढले, आणि रक्तदाब मात्र खाली आला नाही, तर डॉक्टर या विकाराचा संशय घेतात. परीक्षेत चक्कर येऊ शकते म्हणून ती डॉक्टरांसमोरच व्हावी. त्या मुलीचे ठोके निजलेली असता ७८ होते आणि उभे राहिल्यावर १२४ झाले. प्रार्थनेला ती खाली का बसे, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत होते. रक्ताच्या तपासणीत आणि छातीच्या फोटोत ते कोठून दिसणार?

तिसरे लक्षण बुद्धीवरच्या मळभाचे. शब्द जिभेवर येऊन अडतो, वाचलेली ओळ पुनःपुन्हा वाचावी लागते, दूध चुलीवर ठेवलेले विसरते. ही मंदबुद्धी नव्हे, दुर्लक्षही नव्हे. मात्र विद्यार्थ्याला, हिशेब लिहिणाऱ्याला किंवा शिक्षकाला हे लक्षण उपजीविकेवर घाला घालणारे ठरते.

हे सारे कशामुळे होते? शास्त्रज्ञांचे उत्तर अजून एका वाक्यात येत नाही. बहुधा हा एक रोग नसून एकाच साथीतून निघालेल्या अनेक वाटा आहेत. तरी चार कारणांचा सध्या विशेष अभ्यास चालला आहे. एक, विषाणूचे अवशेष आतड्यांत व इतर ऊतकांत महिनोन् महिने टिकून राहतात. दुसरे, शरीराचे संरक्षक दल शत्रू गेल्यावरही शस्त्रे खाली ठेवीत नाही, क्वचित आपल्याच पेशींवर चाल करून जाते; आणि या गोंधळात शरीरात पूर्वीपासून निद्रिस्त असलेले दुसरे विषाणू जागे होतात. तिसरे, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड होतो. चौथे, वर सांगितलेली नकळत चालणारी मज्जासंस्था विसकटते.

श्रमानंतरची पडझड 'मनाचे खेळ' नव्हे, याचा एक ठळक पुरावा २०२४ च्या जानेवारीत ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. लाँग कोविडचे पंचवीस रोगी आणि करोनातून पूर्ण बरी झालेली एकवीस माणसे यांना त्यांनी पंधरा मिनिटांच्या आतबाहेर सायकल मारावयास लावली, आणि आधी व दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासला. रोग्यांच्या स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे काम मंद होते, आणि श्रमानंतर ते आणखी बिघडले होते. ऊतकाला इजा झाल्याच्या खुणाही वाढल्या होत्या. नेहमीच्या प्रयोगशाळेत असली तपासणी होत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' याचा अर्थ एवढाच घ्यावयाचा की, ज्या गोष्टी तपासल्या त्या ठीक आहेत.

आता कोणी म्हणेल, हे सगळे नवेच आहे, मग आम्हांला कसे कळावे? वस्तुतः ते नवे नाही. १९१८ ची मानमोडीची साथ आपल्या देशात एक कोटीहून अधिक बळी घेऊन गेली. त्या साथीतून वाचलेल्यांत दीर्घ अशक्तपणा आणि उदासी राहिल्याचे अनेक देशांतील डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. इतके मागे कशाला जावे? २००६ साली कर्नाटकात आणि महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. ताप तीन-चार दिवसांचा. पण सकाळी उठताना सांधे धरून बसणारी, वर्ष-वर्ष जिना न चढू शकलेली माणसे आपण आपल्या गल्लीत पाहिली आहेत. त्यांना कोणी आळशी म्हटले नाही, कारण सुजलेला घोटा डोळ्यांना दिसतो.

जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे काय होते, हे लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळाच्या इतिहासात पाहावे. १९५५ च्या उन्हाळ्यात तेथील डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचारी मिळून २९२ जणांना एक विचित्र आजार झाला. ताप थोडा, पण स्नायूंची वेदना आणि थकवा फार. इस्पितळ काही काळ बंद ठेवावे लागले. कित्येकांचा आजार लांबला. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसरोगतज्ज्ञांनी रोग्यांना प्रत्यक्ष न तपासता जुनी कागदपत्रे वाचून लिहिले की, हा सामुदायिक उन्माद असावा. त्यांच्या कारणांतले एक असे होते की, रोग्यांत स्त्रिया अधिक होत्या. या एका निष्कर्षाची छाया पुढे कित्येक वर्षे तशा रोग्यांवर राहिली. त्यांनी कागद वाचून निकाल दिला. मीही कागद चाळूनच दिला होता.

आता उपचारांकडे वळू. प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे की, लाँग कोविड समूळ बरा करणारे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. करोनावरील पॅक्सलोविड हे औषध पंधरा दिवस दिले तर गुण येतो काय, याची कसोटी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १५५ रोग्यांवर घेण्यात आली. २०२४ मध्ये निष्कर्ष आला की, नुसत्या बनावट गोळीहून त्याचा अधिक उपयोग झाला नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे स्वस्त व जुने औषध. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, करोना झाल्याबरोबर ते दिलेल्या स्थूल प्रौढांत पुढे लाँग कोविडचे प्रमाण सुमारे एकेचाळीस टक्क्यांनी कमी आढळले. पण तो प्रतिबंधाचा प्रकार झाला. जडलेल्या विकारावरचा उपाय तो नव्हे, आणि डॉक्टरांवाचून घेण्याचे ते औषध नव्हे. लस घेतलेल्यांना हा विकार होण्याचा संभव कमी असतो, हेही अनेक देशांतील पाहणीत दिसले आहे. सबब, खात्रीच्या इलाजाची जाहिरात करून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून जपून राहावे.

औषध नाही म्हणजे उपाय नाही, असे मात्र नाही. पहिला उपाय, दुसरे काही नाही ना हे पाहणे. थकवा म्हणजे पंडुरोग असू शकेल, थायरॉइडचा दोष असेल, मधुमेह असेल, हृदयाचा विकार असेल. आणि आपल्या देशात रेंगाळणारा खोकला व बारीक ताप असेल तर क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. 'करोनाचेच असेल' म्हणून हे रोग अंगावर काढू नयेत. छातीत दुखणे, वाढती धाप, शुद्ध हरपणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही झाल्यास तत्काळ इस्पितळ गाठावे.

दुसरा उपाय, ज्या लक्षणावर इलाज आहे तो करणे. उभे राहणे सोसत नसेल तर भरपूर पाणी, पायांना घट्ट मोजे, उठताना आधी काही क्षण बसणे, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे अधिक मीठ, यांनी बराच फरक पडतो. जरूर तर नाडी आवरणारी औषधेही आहेत. वास गेला असेल तर गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार ठळक वास दिवसातून दोनदा, मन लावून, काही महिने हुंगण्याचा सराव सांगतात. झोप, दमा, डोकेदुखी, खिन्नता यांवर नेहमीचे उपचार आहेत. खिन्नतेवर उपचार घेतले म्हणजे दुखणे मनाचे ठरते, असे मानू नये. वर्षभर अंथरुणावर पडलेले कोणाचेही मन खचेल.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा, आणि तो पूर्णपणे घरच्यांच्या हाती आहे. शक्तीचा जमाखर्च ठेवणे. ज्याचे उत्पन्न थोडे त्याने खर्च बेताने करावा, हे आपण पैशांबाबत मुलांना शिकवतो. या रोग्याचे रोजचे उत्पन्न थोडे असते, आणि उसनवारीवर व्याज जबर असते. म्हणून एक वही घालावी. आज काय केले, किती वेळ केले, आणि उद्या-परवा कसे वाटले, एवढेच तीत लिहावे. दोन-तीन आठवड्यांत आपली मर्यादा कोठे आहे ते दिसू लागते. मग काम त्या मर्यादेच्या आत ठेवावे. थकल्यावर विश्रांती, हा आपला नेहमीचा क्रम. येथे थकण्यापूर्वी विश्रांती घ्यावयाची. एका दमात करावयाचे काम तीन दमांत करावे. भाजी बसून चिरावी, स्नान स्टुलावर बसून करावे, कपडे एका दिवशी न धुता थोडे थोडे धुवावेत. सर्वांत कठीण पथ्य चांगल्या दिवसाचे. आज बरे वाटते म्हणून तुंबलेली सारी कामे उरकली की, पुढचा आठवडा अंथरुणात जातो. चांगल्या दिवशी हात आखडता घेणे यातच खरा संयम आहे.

व्यायामाविषयी येथे खुलासा हवा. ज्यांची फुप्फुसे दुखावली आहेत, किंवा जे इस्पितळातून अशक्त होऊन आले आहेत, त्यांना क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम हितकारक ठरतो. परंतु श्रमानंतर ज्यांची पडझड होते त्यांना 'रोज थोडे अधिक चाला' हा सल्ला अपायकारक होऊ शकतो. अशीच पडझड ज्यात होते त्या जुन्या थकवा-विकाराबाबत, ठरावीक वाढीचा व्यायाम देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितले. पूर्वी तीच संस्था तो देण्यास सुचवीत असे. शास्त्र आपली चूक दुरुस्त करते. शाळेनेही करावयास काय हरकत आहे?

आम्ही केली. त्या मुलीची कवायत बंद केली. प्रार्थनेच्या वेळी तिला खुर्ची दिली, पाण्याची बाटली बाकावर ठेवू दिली. पहिले काही महिने ती फक्त दोन तास येई. बाकीचे मैत्रिणींच्या वह्यांवरून करी. चाचणीला तिला जादा वेळ आणि मध्ये विश्रांती दिली. या सवलतींना एक पैसाही लागला नाही. फक्त तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला.

घरांतही हाच प्रश्न आहे, आणि तो स्त्रियांच्या बाबतीत अधिक बिकट आहे. पाहण्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा विकार अधिक होतो असे दिसते. आणि आपल्या घरांत पुरुषाला रजा मिळते, बाईला मिळत नाही. 'दुखणे अंगावर काढले' हे आपण तिच्या कौतुकाने सांगतो. पहाटे उठून डबे भरणारी, ओट्याशी उभी राहणारी, संध्याकाळी खाली बसून भिंतीला टेकणारी आणि कोणी विचारले तर "काही नाही, जरा दमले" म्हणणारी बाई आपल्याही घरात असेल. करोना झाल्यापासून तिचे हे 'जरा' वाढले आहे काय, एवढे आज रात्री तिला विचारून पाहा. आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

आम्हां ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू एका सभास्थान-अधिकाऱ्याच्या मरणोन्मुख मुलीकडे घाईने चालला असता, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तिने अनेक वैद्य केले होते, होते नव्हते ते खर्चिले होते, आणि दुखणे उलट वाढले होते. ती तत्क्षणी बरी झाली, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकतो. परंतु मला अलीकडे त्यातली दुसरी गोष्ट अधिक जाणवते. ती बरी झाल्यावरही येशू थांबतो. पुढे एक मुलगी मरणाच्या दारी आहे, शिष्यांना उशीर वाटतो आहे. तरी तो थांबतो, तिला शोधतो, आणि ती आपली सारी हकीकत सांगून संपेपर्यंत ऐकतो. चमत्कार आपल्या हाती नाहीत. थांबणे आणि ऐकणे आपल्या हाती आहे.

ती मुलगी पूर्ण बरी झाली काय, असे आपण विचाराल. नाही. परंतु तिचे एक वर्ष गेले तरी २०२५ मध्ये ती दहावी उत्तीर्ण झाली. जमाखर्चाची वही ती अजून ठेवते. खो-खो खेळत नाही. पण मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून धाकट्या मुलींचे गुण मांडते. पुष्कळ रोग्यांना काळाने उतार पडतो, असा अनुभव आहे. तिलाही पडतो आहे, सावकाश. त्या सावकाश चालणाऱ्या उतारावर मागून कोणी ढकलू नये, एवढीच आज आपणांस विनंती.